लांब पल्ल्याचे होमर: पाळणं, जोड्या लावणं आणि रेस (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मी बंगळुरात होमर, म्हणजे रेसची कबुतरं पाळतो, गाव कोल्हापूरकडचं, त्यामुळे तिकडची पोरं सतत काही ना काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतोय. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

होमर आणि आपल्याकडे गच्चीवर उडवतात ती कबुतरं एकच ना?

नाही. आपल्याकडे मुंबई, पुणे, कोल्हापूर सगळीकडे जो जुना शौक आहे तो बहुतेक हायफ्लायरचा, म्हणजे सकाळी उडवलं की कबुतर घराच्याच डोक्यावर उंच जाऊन तासन् तास राहतं आणि जो सगळ्यात उशिरा उतरला तो जिंकला. होमरचं बरोबर उलटं, त्याला शेकडो किलोमीटर लांब नेऊन सोडायचं आणि जो सगळ्यात लवकर घरी आला तो जिंकला. जात मूळची एकच, तुमच्या खिडकीत घुमणारा पारवा, हायफ्लायर आणि होमर सगळे शास्त्रीय नावाने कोलंबा लिव्हियाच. पण आजचा रेसिंग होमर तयार झाला एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये, अँटवर्प आणि लिएजच्या भागात. तिथल्या लोकांनी स्मर्ल, क्युम्युलेट, ड्रॅगून, कॅरियर अशा वेगवेगळ्या कबुतरांचा संकर करत करत आणि जे घरी येत नाही ते आपोआप गळत जात हा पक्षी घडवला. अंगाने पारव्यापेक्षा भरलेला, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, छाती रुंद, नाकावर पांढरी ठसठशीत गाठ.

एवढ्या लांबून घर सापडतं कसं? चुंबक असतं म्हणे डोक्यात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एका वाक्यातलं उत्तर कुणाकडेच नाही, पण जे कळलंय ते भारी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे सूर्य. कबुतराला काही दिवस खोलीत ठेवून लाइट सहा तास पुढेमागे केले, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ सहा तासांनी चुकवलं, आणि मग उन्हात सोडलं तर ते साधारण ९० अंश चुकीच्या दिशेने निघतं. म्हणजे सूर्य कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत याचा मेळ घालून ते दिशा काढतं हे पक्कं. मग ढगाळ दिवशी काय? तर १९७१ मध्ये विल्यम कीटन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक चिकटवले आणि काहींवर तेवढ्याच वजनाच्या पितळेच्या पट्ट्या. ऊन असताना दोघंही नीट निघाली, आभाळ भरलेलं असताना चुंबकवाली गोंधळली. म्हणजे चुंबकीय दिशा कळते, पण ती दुसऱ्या नंबरची सोय. चोचीत लोहकण असतात आणि त्यानेच कळतं असं बरीच वर्षं सांगत होते, २०१२ मध्ये तपासल्यावर निघालं की त्या लोहवाल्या पेशी साध्या रोगप्रतिकारक पेशी आहेत, त्यामुळे चोचीतला होकायंत्रवाला मेसेज कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका.

आता दिशा कळणं वेगळं आणि आपण कुठे आहोत हे कळणं वेगळं. तुम्हाला डोळे बांधून नेऊन हातात होकायंत्र दिलं तरी घर उत्तरेला की दक्षिणेला हे कसं कळणार? इथे इटलीतल्या पिसाच्या फ्लोरियानो पापींचं काम येतं, १९७० च्या दशकातलं. वास न घेऊ शकणारी कबुतरं अनोळखी जागेवरून घरी पोचत नाहीत असं त्यांना दिसलं. म्हणणं असं की पिल्लू ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात वाढताना कुठल्या दिशेच्या वाऱ्याबरोबर कुठला वास येतो हे शिकत जातं आणि पुढे अनोळखी जागी तिथल्या वासावरून अंदाज बांधतं. वाऱ्यापासून पूर्ण आडोसा केलेल्या ढाबळीत वाढलेली कबुतरं दिशा काढण्यात कच्ची राहिली, असंही त्या प्रयोगांत आलं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलंय असं नाही, वाद चालूच आहे, पण मला तरी यातून एक कामाची गोष्ट कळते की पिल्लांना बंद खोलीत वाढवू नका, उघड्या जाळीत वाऱ्यावर बसू द्या.

आणि घराजवळ आल्यावर सरळ डोळे वापरतात. ऑक्सफर्डच्या लोकांनी जीपीएस लावून बघितलं तर कबुतरं चक्क हायवे धरून येतात, वळणावर वळतातसुद्धा.

मग चिठ्ठी बांधून कुठेही पाठवता येईल का?

नाही हो. ते फक्त घरी येतं, पत्ता सांगून जात नाही. जुन्या काळी निरोप पाठवायचा तर समोरच्याच्या घरचं कबुतर आधी आपल्याकडे आणून ठेवावं लागायचं. आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबुतर सेवा १९४६ मध्ये सुरू झाली, लष्कराकडून मिळालेल्या बेल्जियन होमरवर, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा आणि फोन बंद पडले तेव्हा ती कबुतरं खरोखर उपयोगी पडली होती. त्यांच्याकडे जाऊन परत येणारीही काही कबुतरं होती, एका ठिकाणी खाणं आणि दुसऱ्या ठिकाणी मुक्काम अशी सवय लावून, पण तेही दोन ठरलेल्या जागांमध्येच.

लांब पल्ला म्हणजे किती? वेग किती असतो?

साधारण ३०० किलोमीटरपर्यंत शॉर्ट, ५०० पर्यंत मिडल, त्याच्या पुढे लाँग आणि ९०० च्या पुढे मॅरेथॉन असं धरा, क्लबागणिक थोडं इकडेतिकडे होतं. वारा नसेल तर ताशी ६० ते ८० किलोमीटर, मागून वारा असेल तर १०० च्याही वर. पण लांबच्या रेसमध्ये नुसता वेग चालत नाही. छोट्या रेसचा चॅम्पियन पक्षी आठशे किलोमीटरवर गायब होतो आणि जो तीनशेला कायम मधे कुठेतरी यायचा तो संध्याकाळी सातला थकून भागून का होईना पण येतो, हे दर वर्षी बघायला मिळतं.

जगात सगळ्यात मानाची लांबची रेस म्हणजे बार्सिलोना. स्पेनमधून सोडतात आणि बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडची कबुतरं आपापल्या घरी येतात. बेल्जियमवाल्यांना हे हजार-अकराशे किलोमीटर पडतं, उत्तर हॉलंडवाल्यांना त्याहून जास्त. जुलैचं ऊन, हजारो पक्षी, आणि सोडण्याआधी तीन-चार दिवस टोपलीत आणि ट्रकमध्ये काढलेले.

भारतात चेन्नई, बंगळूर, कोलकाता ही होमरची मुख्य गावं. चेन्नईवाल्यांची लांबची रेस रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत जाते, त्यात आपलं बल्लारशा आणि नागपूरही येतं. नागपूर ते चेन्नई सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर आहे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भात भल्या पहाटे आकाशात एकदम मोठा थवा दक्षिणेकडे जाताना दिसला तर ते पारवे नसण्याची शक्यता आहे.

सीझन हिवाळ्यातच का?

ऊन. एप्रिलनंतर दख्खनच्या पठारावर दुपारी पक्षी पाण्यासाठी खाली उतरतो आणि उतरला की मांजर, कुत्रा, पोरं, जाळी, काहीही. युरोपात उन्हाळ्यात दिवस मोठा मिळतो म्हणून तिकडे मे ते सप्टेंबर. आपल्याकडे पावसाळ्यात पर झडतात, नवीन येतात, पाऊस सरला की ट्रेनिंग, आणि संक्रांतीच्या आसपासपासून मार्चपर्यंत रेस.

भाऊ, सुरुवात करायचीय. चांगले दोन-तीन रेसर विकत आणले आणि उडवले तर?

जातील. जिथून आणले तिथे. मोठा, उडालेला पक्षी कितीही महिने कोंडून ठेवा, दार उघडलं की तो जुन्या घरी जाणार, त्यासाठीच तर त्याची जात आहे. मोठे पक्षी आणले तर ते कायम जाळीतच, फक्त जोड्या लावायला, आणि त्यांची तुमच्या ढाबळीत जन्मलेली पिल्लं उडवायची. नाहीतर एखाद्या जुन्या माणसाकडून चार आठवड्यांची, नुकती दाणा टिपायला लागलेली पिल्लं घ्या, जी अजून बाहेर उडालेलीच नाहीत. नवख्याला मी हेच सांगतो. स्वस्त पडतं आणि लगेच त्याच सीझनला शिकायला मिळतं.

आणि घेताना ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. ज्याची कबुतरं तुमच्याच क्लबात, तुमच्याच वाऱ्यात, लांबून घरी आलीत त्याच्याकडून घ्या. बेल्जियमचं नाव लिहिलेला वंशावळीचा कागद कुणीही प्रिंट करून देतं.

ढाबळ कशी असावी?

कोरडी, हवेशीर, आणि गर्दी नसलेली. बाकी पॅलेस बांधायची गरज नाही, जुन्या फळ्या आणि पत्र्याचीही चालते. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते म्हणून उघडी बाजू पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत येतं. हवा खालून आत आणि वरून बाहेर गेली पाहिजे, पण पक्षी बसतात तिथे झोत नको. ढाबळीत डोकं घातल्यावर अमोनियाचा वास आला तर पक्षी जास्त झालेत, कबुतरं कमी करा. नर, माद्या आणि पिल्लं वेगवेगळी ठेवता येतील असे तीन कप्पे निदान हवेतच, हे सुरुवातीला कुणी करत नाही आणि मग मध्येच सगळं पाडून परत बांधत बसतात. घुशी आणि मुंगसासाठी खालून बारीक जाळी मारा.

जोड्या कशा लावायच्या? डोळा बघून लावतात ते खरं का?

डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं वर्तुळ, त्याचा रंग, त्यातल्या रेषा भिंगातून बघून जोडीला चांगला पक्षी ओळखणारे लोक जगभर आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण हे कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. माझं मत विचाराल तर टोपली बघा. टोपली म्हणजे जो टोपलीत बसून लांब गेला आणि घरी आला तो. आई आली, बाप आला, आईची बहीण दोन वर्षं सलग आली, असं ज्या घरात दिसतं तिथे काहीतरी आहे. एकच पक्षी एकदा पहिला आला आणि त्याची सगळी भावंडं हरवली तर तो नशिबाचा भाग असू शकतो.

चांगला वंश हाताशी असेल तर काका-पुतणी, आजोबा-नात अशी जवळची जोडी लावून तो रक्तात पक्का करतात आणि मग दोन वेगळे पक्के वंश एकमेकांत लावून उडवायची पिल्लं काढतात, त्या संकराच्या पिल्लांत जोर येतो. नुसतंच जवळच्यात लावत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांत अंडी रिकामी निघायला लागतात आणि पिल्लं मरतुकडी. हॉलंडमध्ये यान आर्डन या माणसाच्या ढाबळीतला वंश लांब पल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे, आजही तिकडच्या कितीतरी मॅरेथॉन पक्ष्यांच्या मागे ते रक्त सापडतं. बेल्जियममधल्या आरेनडोंकच्या यान्सन बंधूंचा वंश तेवढाच मोठा, पण तो कमी-मध्यम अंतराचा, वेगाचा. नावं ऐकून दोन्हीत गल्लत करू नका, यान्सनची पिल्लं आणून त्यांना बाराशे किलोमीटरला पाठवणं म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉनला उभं करणं.

हातात घेऊन काय बघायचं? पक्षी दिसतो त्यापेक्षा हलका लागला पाहिजे, हातात साबणासारखा गुळगुळीत, पिसं रेशमी. छातीचं हाड खोल नको. पंख उघडल्यावर बाहेरचे शेवटचे चार पर थोडे अरुंद आणि त्यांच्यात फटी, लांबच्या पक्ष्यात हे बहुतेक वेळा दिसतं. पण हेही टोपलीनंतर.

अंड्यापासून पिल्लापर्यंत किती दिवस?

जोडी जमली की आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं, बहुतेक संध्याकाळी, आणि दुसरं एक दिवस सोडून दुपारी. दुसऱ्या अंड्यानंतरच खरं उबवणं सुरू होतं, तिथून १७-१८ दिवस. नर सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत बसतो, बाकी सगळा वेळ आणि रात्रभर मादी. घरट्याला मातीचं पसरट भांडं द्या आणि काड्या त्यांच्या त्यांना वेचू द्या. निपाणीकडची तंबाखूची वाळलेली काटकं मिळाली तर त्यातच टाका, घरट्यात उवा-पिसवा कमी होतात.

फुटायच्या आदल्या दिवशी अंडं कानाला लावलं तर आत टकटक ऐकू येते. जाड बाजूला एक बारीक चीर पडते, मग पिल्लू आतल्या आत गोल फिरत फिरत टोपणासारखं कवच कापत जातं. याला बराच वेळ लागतो, नखाने मदत करायचा मोह होतो, करू नका, आतल्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात.

पहिले काही दिवस आई-बाप दोघंही गळ्यातलं दूध पाजतात, हो, बापसुद्धा. पिवळसर दह्यासारखं असतं, चरबी आणि प्रोटीन भरपूर. पिल्लू इतकं झपाट्याने वाढतं की सहाव्या-सातव्या दिवशी रिंग घालायची राहिली तर मग जातच नाही. रिंग घालायची पद्धत: पुढची तीन बोटं एकत्र धरून त्यावरून रिंग ओढायची, मागचं बोट पायाला समांतर मागे दाबून ठेवायचं, रिंग त्याच्यावरून वर सरकली की काडेपेटीच्या काडीने ते मागचं बोट अलगद बाहेर सोडवायचं. ही रिंग सलग असते, सांधा नसतो, त्यावर वर्ष आणि नंबर, म्हणजे पक्षी मोठा झाल्यावर कुणाला वयात फसवाफसवी करता येत नाही.

२५-२८ दिवसांनी पिल्लं वेगळी करा. ज्या दिवशी वेगळी केली त्याच आठवड्यापासून पोट थोडं रिकामं असताना गच्चीवर जाळीत बसवायची, इकडेतिकडे बघू द्यायची, मग शिट्टी वाजवून किंवा डबा खडखडवून आत बोलावून दाणा. पुढचं सगळं या खडखडाटावर चालतं.

ट्रेनिंगला सुरुवात कधी आणि किती लांबून?

तीन-साडेतीन महिन्यांची झाली, घराभोवती थव्याने अर्धा-पाऊण तास न बसता उडायला लागली, आणि कधी कधी नजरेआड जाऊन परत यायला लागली की. पाच किलोमीटर, दहा, वीस, चाळीस असं वाढवत जायचं, प्रत्येक जागेवरून दोन-तीनदा, रेस ज्या दिशेने असणार त्या दिशेने. सकाळी धुकं असेल तर सोडू नका, थांबा, चहा प्या. पहिल्या वर्षी तीनशेच्या पुढे नेऊ नये असं माझं मत आहे, दुसऱ्या वर्षी पाचशे, आणि सातशे-नऊशे दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच. लांब पल्ल्याचा पक्षी तयार व्हायला वेळ लागतो, दोन ते पाच वर्षं हा त्याचा खरा काळ. पण क्लबात बक्षीस असतं, शेजारचा पाठवतोय म्हणून आपण पाठवतो, आणि वर्षाच्या आतली पिल्लं सातशेला जाऊन हरवतात. मग म्हणायचं ससाण्याने नेलं.

नर-मादी वेगळे ठेवून उडवतात ते काय असतं?

त्याला विडोहूड म्हणतात. जोडी लावायची, एक फेरी पिल्लं काढायची, मग मादी काढून घ्यायची. नर एकटा त्याच्या खणात राहतो, रेसला पाठवायच्या आधी थोडा वेळ मादी दाखवायची, आणि परत आल्यावर मादी त्याच्या खणात हजर. तो जीव तोडून येतो. कमी आणि मध्यम अंतराला ही पद्धत जबरदस्त.

मॅरेथॉनला मात्र बरेच जुने लोक अजून घरट्यावरच उडवतात. आठ-दहा दिवस उबवलेली अंडी किंवा काही दिवसांचं पिल्लू खाली असलेली मादी, ती दोन दिवस लागले तरी येते, वाटेत रात्र काढून पहाटे परत उडते. बार्सिलोनाला माद्यांनी मोठमोठे नंबर काढलेत. माझा कल याच बाजूला आहे, पक्ष्याला घरी यायला घाई करण्यापेक्षा घरी यायचंच आहे असं वाटणं लांबच्या रेसला जास्त महत्त्वाचं. फक्त पिल्लू फार मोठं झालेलं नको, त्याला भरवून भरवून आई आधीच थकलेली असते.

खायला काय द्यायचं?

रोज एका पक्ष्याला साधारण ३० ग्रॅम, थंडीत आणि जास्त उडवत असाल तर थोडं जास्त. मका, गहू, ज्वारी, बाजरी, वाटाणा, मूग, हरभरा, थोडी करडई. बाजूला ग्रिट कायम, म्हणजे शिंपल्यांचा चुरा, विटेचे बारीक खडे, थोडं मीठ, कारण दात नाहीत, पोटातल्या खड्यांवरच दळण चालतं.

लांबच्या रेसचं गणित असं की कबुतर तासन् तास उडतं ते मुख्यतः चरबीवर. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला हलकं खाणं, जव आणि ज्वारी जास्त, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत मका आणि शेंगदाणे वाढवत जायचे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, पण दाणा बुरशी लागलेला नको, एक खवट दाणा सगळ्या सीझनची वाट लावतो. टोपलीत घालायच्या दिवशी पोट गच्च भरून पाठवू नका, सकाळी खाऊ द्या, मग पाणी. आल्यावर आधी पाणी, त्यात थोडं गूळ-मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट, मग हलका दाणा. आल्या आल्या हरभरा घालणारे लोक मी बघितलेत, त्या पक्ष्याची दुसऱ्या दिवशीची अवस्था बघवत नाही.

तब्येतीची सोपी खूण सांगतो, आंघोळीला पाण्याचं घमेलं ठेवा. सगळे बाहेर आल्यावर पाण्यावर पांढरी पावडरीसारखी साय धरली असेल तर पिसं उत्तम. पाणी स्वच्छच राहिलं तर रेस विसरा आणि आधी शिट बघा.

निकाल कसा लावतात? सगळ्यांची घरं तर वेगवेगळ्या अंतरावर असतात.

म्हणूनच आधी कोण आला हे न बघता दर मिनिटाला किती मीटर उडाला ते बघतात. समजा तुमचं घर सोडलेल्या जागेपासून ५०० किलोमीटरवर, पक्षी सकाळी ६ ला सोडले आणि तुमचा दुपारी १:४० ला आला. ४६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १०८७ मीटर. माझं घर ५०६ किलोमीटरवर आणि माझा १:४४ ला आला, ४६४ मिनिटं, म्हणजे १०९० च्या वर. चार मिनिटं उशिरा येऊनही मी पुढे. म्हणून प्रत्येक ढाबळीची जागा जीपीएसने मोजून क्लबात नोंदवलेली असते. जी रेस एका दिवसात संपत नाही तिथे रात्रीचे अंधाराचे तास नियमाप्रमाणे वजा करतात.

पूर्वी रेसला पाठवताना पायात रबरी रिंग घालायचे, पक्षी आला की तो आत येईपर्यंत थांबायचं, पकडायचं, रबर काढायचं आणि कुलूपबंद घड्याळात टाकून दांडा फिरवायचा. आता पायात चिप असते आणि दारातल्या पट्टीवर पाय पडला की वेळ नोंदली जाते. पण पट्टीवर पाय पडायला हवा ना! नऊ-दहा तास उडून आलेला पक्षी समोरच्या टाकीवर बसून पिसं साफ करतोय, तुम्ही खाली डबा खडखडवताय, शेजारचे काका मोठ्याने विचारतायत आला का रे, आणि तो आणखी लांब जाऊन बसतो. किती रेस या टाकीवर गेल्यात याचा हिशोब नाही.

आजार कुठले?

मान वाकडी होणारा, दाणा टिपायला गेला की चोच भलतीकडेच मारणारा, पातळ पाण्यासारखी शिट करणारा, तो पॅरामिक्सो, विषाणूचा आजार. यावर औषध नाही, लस आहे, आणि ती आजार यायच्या आधीच द्यायची असते. घशात पिवळा चीजसारखा थर दिसला तर कँकर, तो पाण्यातून आणि आईच्या दुधातून पसरतो. पावसाळ्यात डासांमुळे देवी, डोळ्या-चोचीभोवती खपल्या. शिवाय जंत, कॉक्सी (आतड्यातला परजीवी), साल्मोनेला. औषध पक्ष्यांच्या डॉक्टरला शिट तपासायला देऊन मगच द्या. दर रविवारी पाण्यात अँटिबायोटिक टाकणारे लोक आहेत, त्यांच्याकडून पक्षी घेऊ नका एवढंच सांगतो.

नवीन पक्षी आणला की निदान तीन आठवडे वेगळा.

माणसाला त्रास होतो का? घरात दम्याचा पेशंट आहे.

मग नका करू, किंवा ढाबळ घरापासून लांब करा. कबुतराच्या पिसांची पावडर आणि वाळलेली शिट वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज होते, कबुतरं पाळणाऱ्यांत हा आजार नवीन नाही. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जो गोंधळ झाला त्यात हाच मुद्दा होता. ढाबळवाल्याला तर धोका जास्तच, कारण आपण त्या धुळीतच उभे असतो. साफ करताना चांगला मास्क, शिट आधी थोडी ओली करून मग खरवडायची, कोरडी झाडायची नाही, ढाबळीतले कपडे घरात न्यायचे नाहीत. खोकला जात नसेल, जिना चढताना धाप लागत असेल तर डॉक्टरला कबुतरं आहेत हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

ससाणा आणि मांजा, काय करायचं?

हिवाळ्यात बहिरी ससाणा बाहेरून येतो आणि आपला सीझन नेमका तेव्हाच. घराजवळ शिक्रा. थव्याने उडणारे, ताजेतवाने पक्षी बऱ्यापैकी सुटतात, मागे राहिलेला जातो. रोज एकाच वेळी सोडू नका, शिकारी पक्षी वेळ पाठ करतो. त्याला मारायचा विचारही नको, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि एक मारला तर दुसरा येतोच.

मांजाचं जास्त वाईट. संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस पक्षी बंदच ठेवा, क्लबाने रेस लावली तरी. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण झाडांवर आणि तारांवर लोंबत राहिलेला महिनाभर पंख कापत राहतो.

कबुतर करोडोंना विकलं जातं हे खरं?

खरं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू किम नावाची दोन वर्षांची बेल्जियन मादी ऑनलाइन लिलावात १६ लाख युरोला गेली, त्याआधी २०१९ मध्ये आर्मांडो नावाचा नर साडेबारा लाख युरोला. दोन्ही चिनी गिऱ्हाइकांनी घेतले, उडवायला नाही, पिल्लं काढायला. तुमचा-माझा याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे दाणा, औषधं, ट्रेनिंगचं पेट्रोल आणि टोपल्यांची फी यातच पगार जातो आणि बक्षिसात ढाल मिळते.

माझ्या गॅलरीत रिंगवालं कबुतर येऊन बसलंय, हलत नाही. काय करू?

घाबरू नका, हेर नाहीये. मे २०२३ मध्ये चेंबूरला असंच एक पकडलं होतं, पायात कड्या आणि चिनी वाटणारी अक्षरं, म्हणून हेरगिरीचा संशय. बिचारं परळच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात आठ महिने अडकलं आणि शेवटी निघालं तैवानचं रेसिंगचं कबुतर, जानेवारी २०२४ मध्ये सोडलं.

तुमच्याकडे आलंय ते बहुधा थकलंय. खोल वाटीत पाणी द्या, कबुतर चोच बुडवून ओढून पितं, बशी पुरत नाही. ज्वारी, मका, तांदूळ काहीही कच्चं धान्य चालतं, पाव-शेव नको. रात्री मांजरापासून लांब खोक्यात ठेवा, सकाळी उजेड झाल्यावर उघड्यावर सोडा. बहुतेक निघून जातं. नाही गेलं, किंवा पंख लोंबतोय, तर रिंगचा फोटो काढा. त्यावर देशाची किंवा क्लबची अक्षरं, वर्ष आणि नंबर असतो, कधी शिक्क्यात पंखावर मोबाइल नंबर मारलेला असतो, पंख हळूच उघडून बघा. मालकाला फोन केला आणि त्याने ठेवून घ्या म्हटलं तर राग मानू नका, नऊशे किलोमीटरवरून न्यायला येणं प्रत्येकाला जमत नाही. रिंग मात्र कापू नका, पाय सुजला असेल तरच, आणि तेही डॉक्टरकडून.